खारकांची माळ

जुलै लागला की इब्रा गावाहून कुणीतरी येतं आणि आमच्या दाराशी पिवळ्याधमक खजुराचा एक घड ठेवून जातं. यंदाही आला. मस्कतजवळच्या अल अमेरातमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये एवढा मोठा घड ठेवायला जागा नाही, म्हणून तो वॉशिंग मशीनवर वर्तमानपत्र पसरून ठेवते. मग कपडे धुवायचे झाले की आधी घड उचला, मशीन उघडा, कपडे टाका, पुन्हा घड ठेवा. आमचे हे दर वर्षी विचारतात, "हा आपण खातो तरी का गं?" नाही खात. मबसली जातीचा हा खजूर कच्चा खाल्ला तर तोंड आखडतं. तो उकडायचा आणि उन्हात वाळवायचा. मग त्याची खारीक होते. हो, तीच आपली खारीक, ओटीत नारळाशेजारी बसणारी आणि बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात कुटून जाणारी. लग्न होऊन ओमानला येईपर्यंत माझी समजूत होती की खारीक ही खारीक म्हणूनच झाडाला लागते. इब्रात पहिल्यांदा तांब्याच्या हंड्यात खजूर उकळताना पाहिला आणि आईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "अगो, म्हणजे इतकी वर्षं आम्ही देवापुढे शिजवलेलं ठेवतोय की काय?" तिने त्यावर काय तोडगा काढला कोण जाणे, पण खारीक ठेवणं काही थांबवलं नाही.

उकडण्याच्या या हंगामाला इथे तबसील म्हणतात. घड घरात आला की मला तबसीलचा वास येऊ लागतो, आणि गेल्या वर्षापासून त्या वासाबरोबर एक काळजीही येते.

आमची तरुणपणाची सगळी वर्षं इब्रात गेली. हे अर्बाब सालेम यांच्या (अर्बाब म्हणजे मालक) खजुराच्या व्यवसायात कामाला होते. मी तिथल्या इंडियन स्कूलमध्ये लहान वर्गांना शिकवायची. आता यांचं ऑफिस मस्कतमध्ये रुवीत आहे आणि आम्ही अमेरातला राहतो, पण तबसीलला इब्राला जाणं चुकवलेलं नाही. पहाटेच निघायचं, कारण ऊन चढल्यावर तिथे चुलीजवळ उभं राहणं म्हणजे शिक्षाच. बागेत पोचलो की आधी धूर दिसतो. खजुराचेच वाळलेले झाप आणि बुंधे जळत असतात. त्यावर हंडे. बायका चटईवर बसून घडाचे दाणे तोडताहेत, कामगार लांब दांड्याच्या झाऱ्याने उकळलेला खजूर उपसून टोपल्यांत टाकताहेत, आणि मागच्या मोकळ्या जागेत कालचा, परवाचा, त्याच्या आधीचा खजूर उन्हात पडला आहे. रोज थोडा सुरकुतत, थोडा तपकिरी होत. ती गोड, करपट, ओली वाफ केसांत बसते आणि दोनदा न्हाल्याशिवाय जात नाही. पोरं मात्र वेगळ्याच उद्योगात असतात. सुईत दोरा ओवून ती पिवळ्या खजुरांच्या माळा करतात आणि त्या माळा हंड्यात सोडतात. उकडून बाहेर काढली की गळ्यात घालायची आणि दिवसभर एकेक दाणा खात हिंडायचं. आमच्या लेकीने, गौरीने, असे कितीतरी हंगाम त्या माळांवर काढले. तिचे सगळे फ्रॉक पुढून चिकट असायचे.

इब्रातल्या अर्बाबच्या घराची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. त्यांच्या बैठकीच्या खोलीत दाराजवळच भिंतीवर लाकडी खुंट्या आहेत. येणारा पाहुणा बंदूक घेऊन आला असेल तर तो आत आल्याबरोबर ती खुंटीला अडकवतो, मग हात धुतो, मग कॉफी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एकदम तीन बंदुका भिंतीवर बघून माझी पाचावर धारण बसली होती. कोकणातल्या आमच्या गावात बंदूक म्हणजे डुकरं हाकलायला पाटलांकडे असलेली एक जुनी नळी, तीसुद्धा निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. इथे माणसं लग्नाला बंदूक घेऊन निघतात. ईदेला, लग्नाला पुरुष नाचतात, बंदूक हवेत उंच फेकतात आणि फिरत खाली येताना झेलतात. मला वाटायचं, झेलली नाही तर? अर्बाब हसायचे. "माफी मुश्किला, कोई दिक्कत नहीं, मास्तरीण. ये शादी का बंदूक. पेट खाली." परवाना पोलिसांचा, कागद कपाटात, आणि बंदूक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. हळूहळू माझीही भीती गेली. गौरी तर शाळेतून येताना खिडकीतून खुंट्यांकडे बघून सांगायची, "आई, आज त्यांच्याकडे पाहुणे आहेत." बंदूक तिच्यासाठी दारातल्या चपलांसारखी होती, कोण आलंय ते सांगणारी.

ती गौरी आता टेक्सासमध्ये आहे. नवरा निनाद, नाशिकचा, कामासाठी महिन्यातले निम्मे दिवस दुसऱ्या शहरांत. मुलगी सानिका, म्हणजे सानू, आता सात वर्षांची होईल. तिकडे सकाळ असते तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ, त्यामुळे सानूचं दूध, सानूची वेणी आणि सानूची बस एवढंच अमेरिकेचं दर्शन मला रोज फोनमधून घडतं. बाकीची अमेरिका बातम्यांत दिसते. कुठल्यातरी शाळेत, दुकानात, प्रार्थनेच्या जागी कुणीतरी गोळ्या झाडल्या, असं खाली पट्टीवर येतं, की मी नकाशा उघडते आणि त्या गावापासून गौरीचं घर किती लांब ते बघते. मग मेसेज करते, "ठीक आहात ना?" तिचं उत्तर ठरलेलं: "आई, ते वेगळ्या स्टेटमध्ये आहे." जणू राज्याच्या सीमेवर बंदुकीला कुणी अडवणार आहे.

सानू लहान शाळेत जायला लागली तेव्हा गौरीने मला तिकडची एक पद्धत सांगितली. मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला जाणार असलं की आई आधी फोन करून विचारते, तुमच्या घरी बंदूक आहे का, आणि असेल तर कुलपात आहे का? मी ऐकून गार पडले. गौरीला तर तो प्रश्न तोंडातून काढताच येईना. "कसं विचारायचं गं आई? त्यांनी प्रेमाने बोलावलंय, आणि मी झडती घेतल्यासारखं?" आपल्याला दुसऱ्याच्या घरी मीठ कमी पडलं तरी मागायला जड जातं. आपण भिडेखातर चौथी पोळी खातो. तिथे हे विचारायचं! शेवटी मीच तिला वाट काढून दिली. म्हटलं, "शेंगदाण्याचं विचारतेस ना? कुत्रा आहे का विचारतेस ना? त्यातच मिसळून टाक. शेंगदाणे, कुत्रा, बंदूक. एका श्वासात." जमलं तिला. पुढे पुढे सराईतपणे विचारायला लागली. मला माझ्या हुशारीचं कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू?

मी एकदा हिवाळ्यात तिच्याकडे राहून आले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आहेत, एकटे. इतका सज्जन माणूस क्वचित बघायला मिळतो. सानूला सायकल त्यांनीच शिकवली. मी आल्याचं कळल्यावर स्वतः केलेला ॲपल पाय घेऊन आले. त्यांच्या घरात बंदुकांची एक वेगळी खोली आहे, आणि ते अभिमानाने सांगत होते की यातली एक आजोबांची, एक वडिलांची. मी शिक्षिकेच्या सवयीने प्रश्न विचारत गेले आणि ते उत्तरं देत गेले. हा हक्क आमच्या घटनेत लिहिलेला आहे. आज सरकार परवाना मागेल, उद्या यादी करेल, परवा दारात येऊन बंदूक घेऊन जाईल. त्यांच्या अंगणात निवडणुकीची पाटी होती, समोरच्या अंगणात विरुद्ध पक्षाची, आणि दोन्ही घरं एकमेकांच्या कचऱ्याच्या पेट्या आत ओढून ठेवायची. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे ओमानमध्ये परवान्याशिवाय बंदूक ठेवता येत नाही. त्यांनी माझ्याकडे अशा काही करुणेने पाहिलं की विचारू नका. मलाही त्यांची तशीच दया येत होती. दोघं एकमेकांची कीव करत आम्ही ॲपल पाय संपवला.

या वादात माझं काय चालणार? मी ना तिथली, ना इथली. गौरीचंही काही चालत नाही. हिरवं कार्ड मिळालंय, कर भरतात, घर घेतलंय, पण मत नाही. टीव्हीवर एक बाजू म्हणते कायदा कडक करा, दुसरी म्हणते चांगल्या माणसाच्या हातात बंदूक द्या. दर वेळी फुलं वाहिली जातात, मेणबत्त्या लागतात, आणि पुढच्या वेळेपर्यंत सगळं तसंच राहतं. एकदा मी निनादरावांना विचारलं, "तुम्हाला मत द्यायला अजून किती वर्षं?" ते म्हणाले, "नागरिक झाल्यावर, आई." तेव्हा मला माहीत नव्हतं की तिथे मत द्यायला नागरिक व्हावं लागतं, पिस्तूल घ्यायला हिरवं कार्ड पुरतं.

ते कळलं गेल्या वर्षीच्या तबसीलला.

गेल्या जुलैत गौरी आणि सानू सुट्टीला आल्या. मला सानूला हंडे दाखवायचे होते, माळ करायला लावायची होती. तिचं मराठी म्हणजे पाण्यात पाय घालून बघावं तसं, एक शब्द टाकायचा आणि आजीच्या तोंडाकडे बघायचं. पण बागेत ती अशी रमली की भाषेची गरजच उरली नाही. अर्बाबच्या नाती आणि ती, सगळ्या मिळून सुईत दोरे ओवत बसल्या. सानूने सगळ्यात लांब माळ केली. हंड्यातून ती निघाली तेव्हा वाफाळती माळ काठीवर धरून अर्बाब स्वतः तिच्यासमोर उभे राहिले. तिने त्यांना वाकून नमस्कार केला. कुणी शिकवला होता देव जाणे, पण अर्बाब फार खूश झाले.

दुपारी आम्ही त्यांच्या बैठकीत बसलो होतो. आम्ही जुने, घरचेच, म्हणून मला आणि गौरीलाही तिथेच बसवतात. तेवढ्यात अर्बाबचे एक चुलतभाऊ लग्नाहून परत जाता जाता आले. आत आले, सलाम झाला, खांद्यावरची बंदूक काढून त्यांनी खुंटीला अडकवली. मी कॉफीचा पेला हातात घेतला होता. सानू उठली. तिने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा अर्बाबकडे, आणि मोठ्या माणसासारखी विचारती झाली, "इज इट लॉक्ड?"

सगळे हसले. अर्बाबना इंग्रजी बेताचं, पण एवढं कळलं. ते उठले, बंदूक खाली काढली, उघडून तिला दाखवली. "देखो बेटी. पेट खाली. ये दीवार पे रहता, सब देखता." सानूने अगदी गंभीरपणे आत डोकावून पाहिलं. खात्री झाली तशी मान डोलावली. मग माझ्याकडे वळून, मला कळावं म्हणून मुद्दाम मराठीत म्हणाली, "आजी, बाबाची वॉलवर नाहीये. बाबाची आईच्या साड्यांच्या खाली आहे."

गौरीचा चेहरा एकदम पांढरा पडला. यांनी खजुराची बी तोंडातून काढली आणि हातात तशीच धरून ठेवली. अर्बाबनी बंदूक पुन्हा खुंटीला लावली आणि गौरीसमोर खजुराचं ताट सरकवलं. त्यांचा हा मोठेपणा मी विसरणार नाही. सानू बिचारी आपण काय चुकीचं बोललो म्हणून सगळ्यांकडे बघत राहिली. ती काहीच चुकीचं बोलली नव्हती.

बाहेर पडल्यावर मी गौरीला हंड्यांच्या बाजूला नेलं. विस्तव विझत आला होता. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "आई, प्लीज ओरडू नकोस. आमच्याच गल्लीत घरफोडी झाली. निनाद नव्हता. मी आणि सानू बाथरूममध्ये दार लावून बसलो होतो, शेजारच्या घराची काच फुटताना ऐकत. पोलीस यायला किती वेळ लागला माहितीये? नंतर निनाद म्हणाला, मी दूर असताना तुमच्याकडे काहीतरी हवंच."

"साड्यांच्या खाली?"

"पलंगाशेजारच्या खणात आधी. मग वाटलं सानूला तिथे हात पुरतो. ती डान्ससाठी ओढणी शोधत होती तेव्हा सापडलं तिला. तिने हात नाही लावला गं. मला येऊन सांगितलं."

"कुलपात का नाही ठेवत?"

"निनाद म्हणतो, कुलपात ठेवलं तर वेळेला काय उपयोग?"

पुढचा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता आणि त्याचं उत्तर मला नको होतं. तरी विचारलाच. "मग सानूच्या मैत्रिणी खेळायला येतात तेव्हा? त्यांच्या आया विचारतात ना तुला?"

गौरी विस्तवाकडे बघत होती. "विचारतात."

"काय सांगतेस?"

"नाही म्हणते." मग ती रडायला लागली. "शाकाहारी, देवघरवाले लोक आम्ही. सगळ्या म्हणतात, तुमच्याकडे पाठवायला टेन्शन नाही. कसं सांगू आई? आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत आहे, पण कुणी बोलत नाही. मीही विचारते, त्याही नाही म्हणतात."

मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना धुराचा, गुळचट वाफेचा वास येत होता, लहानपणचाच. प्रश्न कसा विचारायचा ते मी तिला शिकवलं होतं. उत्तर द्यायची वेळ आली तर काय, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि तिच्या जागी मी असते तर? बाथरूमचं दार आतून धरून, पोरीच्या तोंडावर हात ठेवून? मला खरंच माहीत नाही. इब्रात आम्ही कडी न लावता झोपायचो.

त्या परत गेल्या. खारकांची माळ सानूने सामानात न देता गळ्यात घालूनच विमानात नेली. तिकडच्या स्वयंपाकघरात ती एका खिळ्याला अडकवली आहे, फोनमध्ये मला रोज दिसते. त्यानंतर माझे दिवस कसे गेले ते मला विचारा. सानूची वेणी घालताना गौरी फोन कपाटाला टेकवून ठेवायची, आणि माझं लक्ष वेणीकडे नसून मागच्या ड्रॉवरकडे असायचं. साड्या मीच घेतलेल्या. पैठणी, नारायणपेठ, डोहाळजेवणाची हिरवी. त्या साडीत अर्बाबच्या बागेतल्या खारकांनी मी गौरीची ओटी भरली होती.

निनादरावांशी बोलायचं म्हणजे पंचाईत. जावयाला काय म्हणणार? मुलगा असता तर कान धरला असता. जावई म्हणजे अहो-जाहो, आग्रह, आणि वर्षातून एकदा कपडे. दोनदा मी विषयाच्या अगदी काठापर्यंत गेले आणि "जेवण वेळेवर करता ना?" असं विचारून परत आले. यांना म्हटलं, तुम्ही बोला, पुरुष-पुरुष आहात. यांनी फोन लावला आणि अर्धा तास दोघं क्रिकेटवर बोलले.

आणि यंदा अधिक महिना आला. अधिकात जावयाला वाण द्यायचं, अनारसे, दिवा, ऐपतीप्रमाणे चांदीचं काहीतरी. सासूने दिलेलं वाण जावई नाकारत नाही. हे माझ्या डोक्यात आलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आल्यासारखं वाटलं. मी यांचा लॅपटॉप घेऊन बसले आणि पिस्तूल ठेवायची छोटी तिजोरी शोधायला लागले. आपण कुकरच्या शिट्ट्यांवर अभिप्राय वाचतो तसे तिकडचे लोक त्या तिजोऱ्यांवर लिहितात. अंधारात चटकन उघडते. बायकोला रंग आवडला. पलंगाखाली नीट बसते. मी आकड्यांची, चटकन उघडणारी, सगळ्यांनी वाखाणलेली अशी एक निवडली, म्हणजे वेळेला काय उपयोग असं म्हणायला जागा नको. सोबत चिठ्ठीत लिहिलं, "चि. निनादराव यांस अधिकाचं वाण." हे मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "तुझ्यापुढे हात टेकले बाई."

निनादरावांचा फोन आला. "आई, मिळालं. थँक यू. छान आहे."

"वापराल ना?" मी विचारलं. कशासाठी ते मीही म्हटलं नाही, त्यांनीही नाही.

"हो आई. नक्की."

आवाजात राग नव्हता. थोडी लाज असावी, पण ती मलाही होतीच. गौरीने नंतर फक्त एक मेसेज केला, हात जोडलेल्या चित्राचा. मी त्या दिवशी अनारसे तळले आणि आम्ही दोघांनीच खाल्ले. जिंकल्यासारखं वाटत होतं. कायदा बदलला नव्हता, कुणी निवडून आलं नव्हतं, शेजारच्या गृहस्थांचं मत होतं तेच होतं. पण एका घरातल्या एका ड्रॉवरपुरतं मी काहीतरी केलं होतं.

काल शनिवार. संध्याकाळी मी मशीनवरचा घड खाली उतरवून दाणे तोडत बसले होते. अर्धे कुकरमध्ये उकडून बघायचा विचार होता. सानूचा फोन आला, गौरीच्या फोनवरून. निनादराव गावाला, गौरी आंघोळीला. सानू मला घर दाखवत फिरत होती. हे माझे नवीन शूज, हा माझा पडलेला दात, ही आईची रूम.

"आजी, तुझा बॉक्स!" तिने फोन पलंगाखाली नेला. काळी, छोटी तिजोरी. "बाबाने ते याच्यात ठेवलंय. नाऊ इट्स सेफ."

माझे डोळे भरून आले. "हो गं बाळा. शहाणा बाबा."

"आजी, सीक्रेट सांगू? कोड माझा बर्थडे आहे. सो मी कधीच विसरणार नाही."

मला काही क्षण काही कळेना. मग कळलं. कळणारच होतं. आमच्या घरातला प्रत्येक आकडा गौरीचा वाढदिवस आहे, यांचा बँकेचा, माझ्या फोनचा, बॅगेच्या कुलपाचा. आपली माणसं दुसरा आकडा निवडतच नाहीत. लेकरावर जीव असतो, तो सगळीकडे असाच लिहून ठेवतात.

"दाखवू? ग्रीन लाइट येतो."

"नको!" माझा आवाज इतका चढला की हे बाहेरून धावत आले. फोनमध्ये सानूचा चेहरा भेदरला. मी आवाज खाली आणला. "नको राणी. आईला बोलाव बरं."

"आई शॉवरमध्ये आहे. ती ऐकत नाही."

यांनी आपल्या फोनवरून निनादरावांना लावला. बंद. विमानात असणार. गौरीला लावायचा तर तिचा फोन सानूच्या हातात. मध्ये अख्खा समुद्र, त्याच्यापलीकडे आणखी एक समुद्र, आणि आमच्याकडे फक्त आवाज.

"सानू," मी म्हटलं, "किचनमध्ये जा बघू. आपली माळ आहे ना तिथे? तबसीलची?"

ती गेली. चित्र हललं, पलंग मागे गेला, दार गेलं, खिळ्यावरची माळ आली. सुरकुतलेली, काळपट, वर्षभर जुनी.

"त्यात किती खारका आहेत? मला मराठीत मोजून दाखव. अगदी हळू."

"ऑल ऑफ देम?"

"सगळ्या."

ती बोट ठेवून मोजायला लागली. एक. दोन. तीन. मागून न्हाणीघरातल्या पाण्याचा आवाज येत होता. हे माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते आणि मी चूक झाली की मुद्दाम थांबवत होते, पुन्हा म्हणून घेत होते, वर्गात कधी कुणाकडून घेतलं नसेल इतक्या सावकाश. सतरा. अठरा. मग ती अडकली.

"आजी, अठरानंतर काय?"

"आठव," मी म्हटलं. "घाई नाही."

पाणी अजून चालूच होतं. माळ मात्र निम्मी संपली होती.